ताईंचे ग्रह आणि भावाची भिंत

कोट घातलेल्या माशांनी ताईंना नाव दिलं, मान दिला आणि शेवटी वैताग दिला. चाळीस वर्षं त्यांच्या चित्रांतले मासे कपाटात राहत, जिना उतरत, छत्री विसरली म्हणून परत फिरत. लोकांना त्यातलं काही कळत नसे, त्यामुळे ते फार आवडे. सत्तरी ओलांडली आणि ताईंनी माशांना कायमची सुट्टी देऊन ग्रह रंगवायला घेतले. एका ग्रहाला बारा दारं, दुसऱ्याच्या कड्यावर कपडे वाळत घातलेले.

धाकट्या भावाचं चित्रदालन होतं. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी तो मुख्य भिंतीसमोर एक जुना मासा घेऊन उभा राहिला.

"ताई, इथे हाच. ग्रह मागच्या बोळात लावू."

"तिथे झाडू ठेवतात."

"झाडू हलवतो गं! या वयात अंतराळात कशाला जायचं? गच्चीवर चढलीस तरी धाप लागते तुला."

"म्हणून तर बसल्या बसल्या जातेय."

मासा भिंतीला टेकवून भाऊ जेवायला गेला.

ताईंची कामाची रीत उफराटी. त्या तारे रंगवत नसत. पांढऱ्यावर काळा रंग फासायचा आणि ओला असतानाच चिंधीने पुसून खालचा पांढरा वर काढायचा. आता समोर गुळगुळीत पांढरी भिंत, पिशवीत रंगाचा डबा आणि भाऊ बाहेर. एवढं जुळून आल्यावर हात आवरायला त्या काही साध्वी नव्हत्या.

भाऊ परतला आणि दारातच थिजला. ताई शिडीवर होत्या.

"अगं, परवाच रंगवलीय ती भिंत!"

"छान रंगवलीय. बघ, एकेक तारा कसा लखलखतोय."

"आणि मासा कुठे लावू?"

"तुझ्या घरी ने. लहानपणापासून माझ्या वस्तू पळवतोसच."

"लोक हसतील, ताई."

"हसू देत. त्यांना आवडलं तेच पुन्हा पुन्हा काढायला मी छापखाना नाही."

बाहेर घंटा वाजली. आरशासमोर अर्धा तास घालवून आलेले पहिले पाहुणे दारात उभे होते.

"आता त्यांना काय सांगू?"

"सांग, शनी व्हायचाय अजून. आणि आधी इकडे ये, शिडी हलतेय."

भावाने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. मग कोटाच्या बाह्या सरसावून शिडी धरली.