सत्तावीसवरची टिकली

मी लाखनीच्या शाळेत दहावीला उष्णता शिकवतो. उष्णता मला कळते, असा माझा (आणि फक्त माझाच) समज होता.

थंडीत आईचे गुडघे आखडायचे. म्हणून नवं घर बांधताना तिच्या खोलीच्या टाइलांखाली मी तापणाऱ्या तारा टाकून घेतल्या. भिंतीवर आकड्यांचं गोल बटण. ते फिरवलं की फरशी गरम!

वीज वाचवायची माझी पद्धत शास्त्रीय होती. सकाळी शाळेत निघताना बटण बंद. संध्याकाळी आलो की थेट पंचेचाळीसवर, म्हणजे खोली लवकर तापेल! (हे उत्तर एखाद्या पोरानं लिहिलं असतं, तर मी भोपळा दिला असता.) आई दिवसभर गारठायची आणि संध्याकाळी पाय वर घेऊन खाटेवर बसायची.

"तव्यावर ठेवलं का रे मले?"

"सवय होईल, आई!"

त्यातच ऐन पौषात उन्हाळी धानाचे पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, टाकायची वेळ आली. थंडी अशी, की बाबांनी भिजवलेल्या बियाण्याला मोडच येईना. एक पोतं वाया गेलं. उरलं एकच, तेही गेलं तर यंदा धानाची बांधी पडीक! बाबांनी ते भिजवून, धानाच्या वाळल्या तणसात गुंडाळून आईच्या खोलीत फरशीवर ठेवलं. मला कोणी सांगितलं नाही. मी नेहमीसारखा आलो, दारातूनच हात घालून बटण पंचेचाळीसवर नेलं आणि चहाला बसलो!

तासाभरानं आई ओरडली, "अवो, धावा! तुमच्या पोट्ट्यानं धान उकडायले घेतलं!"

बाबांनी पोत्यात हात खुपसला. "काहो गुरुजी, बिजाईचा भात रांधून राहिले का?"

"पण बाबा, बिजाई इथं काहून ठेवली?"

"घरात गरमी कोणं आणली? तूच ना!"

माझे हातपाय गार पडले. (खाली फरशी पंचेचाळीसवर असताना!) बटण बंद करायला धावलो, तर आईनं मनगट धरलं.

"बंद नोको करू. लेकरावानी असते बिजाई. भाजूही नाही, गारठूही नाही."

तिनं पोतं उलटवलं, पाणी शिंपडलं. मग एक हात पोत्यात आणि दुसरा बटणावर ठेवून ते हळूहळू मागं आणत गेली. थोडं फिरवायची, थांबायची, चाचपायची. शेवटी सत्तावीसवर थांबली.

"आता याले कोणी हात लावू नोका."

तिसऱ्या दिवशी पांढरे मोड डोकावले. बाबा ओंजळभर बियाणं घेऊन घरभर दाखवत फिरले आणि आई त्यांच्यामागून अनवाणी, गुडघ्यावर हात न ठेवता! मी सरळ तिच्या पाया पडलो. तिचा हात नसता, तर आमचं वर्ष माझ्या शास्त्रात शिजलं असतं.

नंतर बायकोनं कपाटातून बटणाचं माहितीपत्रक काढलं. त्यात लिहिलं होतं, तापमान मध्यम ठेवा, सारखं बंद-चालू करू नका. ते मी जपून ठेवलं होतं. वाचलं नव्हतं, एवढंच.

आईनं आता सत्तावीसच्या आकड्यावर आपली टिकली चिकटवली आहे. परवा मी त्या बटणावरची धूळ पुसायला गेलो, तर बाबा खाटेवरून ओरडले, "अवं, त्याले आवर! त्याले उष्णता समजते!"