सासूबाईंचं ‘आपुन’

माझं माहेर आळंदच्या पलीकडं, कर्नाटकात. सासर माकणीजवळ, धरणाच्या थोडं अलीकडं. सकाळी माहेरातून निघालं की दुपारच्या जेवणाला सासरी पोचता येतं. दोन्हीकडची माणसं गळ्यात लिंग बांधणारी, ज्वारी पिकवणारी, शेंगाच्या चटणीशिवाय ताट न धरणारी. म्हणून स्थळ आलं तेव्हा अप्पांनी भाषेचा विचारच केला नाही. “मराठी काय, बोलता बोलता येते,” म्हणाले.

मराठी अगदीच परकी नव्हती. बाजारात कानावर पडलेली होती. शाळेत हिंदी होती, तिचा आधार होता. सासरी आल्यावर शब्द मी भराभर गोळा केले. तवा, परात, उलथनं, शेण, सरपण. आमच्याकडचे कितीतरी शब्द इथंही चालायचे. अडचण शब्दांची नव्हतीच. ते एकापुढं एक ठेवून वाक्य केलं की काहीतरी बिघडायचं.

कन्नडात माणसं सोडली तर बाकी सगळं एकाच लिंगाचं. गाय, बस, चप्पल, पाऊस, सगळ्याला ‘ते’. म्हणून मी दारातून ओरडायची, “आत्या, ते गाय आलं!” सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्या बाहेर येऊन बघायच्या आणि म्हणायच्या, “आलं न्हवं, आली. गाय हाय ती.” गायीचं मी समजून घेतलं, ती बाईमाणूसच आहे. पण चहा ‘तो’ का, साखर ‘ती’ का आणि दूध ‘ते’ का, हे विचारलं तर आत्या गोंधळून जायच्या. “का म्हंजे? हाय तसं हाय.”

त्याहून अवघड म्हणजे उरकलेलं काम सांगणं. भात केला, भाकरी केली, वरण केलं. करणारी मी एकटी, पण दर वेळी शब्द वेगळा. आमच्याकडं काहीही केलं तरी ‘माडिदे’. आमचं क्रियापद करणाऱ्या माणसाकडं बघतं. मराठीत काम उरकलं की क्रियापद माणसाला सोडून कामाकडं बघायला लागतं. हे मला कळायला फार दिवस गेले. तोवर मी “मी भाकरी केले, मी वरण केले” म्हणत राहिले आणि शेजारच्या काकू पदराआड हसत राहिल्या. त्या हसण्याचं मला वाईट वाटायचं नाही. पोरं चालायला शिकताना पडतात तेव्हा माणसं हसतात, तसं ते होतं.

ज्या चुकीवर कुणीच हसलं नाही, तीच जड गेली.

घरात आम्ही तिघं. नवरा, आत्या आणि मी. सासरे लग्नाच्या बरेच आधी गेले होते. नवरा ढोकीकडं साखर कारखान्याला उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. हंगाम सुरू झाला की कित्येक दिवस तिकडंच. घरी आम्ही दोघीच असायचो.

दुपारी भाकऱ्या झाल्या की आत्या हात धुऊन म्हणायच्या, “चल, आपुन जेवू.”

हे ‘आपुन’ मी हिंदीतल्या ‘आप’सारखं धरलं होतं. हिंदीत मानाच्या माणसाला आप, तसं मराठीत आपण. लग्नपत्रिकेवरही तसंच छापलं होतं, ‘आपण अवश्य यावे’. कन्नडात मानानं बोलताना ‘तावु’ म्हणतात, त्याच पठडीतलं. म्हणजे सासूबाई मला मान देऊन ‘तुम्ही जेवा’ म्हणतायत! ‘चल’ आणि ‘जेवू’कडं माझं लक्षच नव्हतं. मला लाजल्यासारखं व्हायचं. नव्या सुनेला कुणी एवढा मान देतं का? आणि त्यांच्या आधी मी कशी बसू? मी मान खाली घालून म्हणायची, “नको आत्या. तुम्ही जेवा.”

आत्या थोडं थांबायच्या. मग ताट वाढून घेऊन एकट्या बसायच्या. त्यांचं झालं की मी बसायची.

असं रोज. “आपुन वढ्यावर धुणं घिऊन जाऊ.” “नको, तुम्ही जा, मी घर झाडते.” “आपुन जत्रंला जाऊ औंदा.” “तुम्ही जा आत्या.” मला वाटायचं, मी किती नम्र सून आहे. आत्या बोलायच्या कमी झाल्या. तो त्यांचा स्वभाव असेल, असं मी धरून चालले.

आणि माझ्या तोंडी मात्र सदा ‘आम्ही’. कन्नडात एकच शब्द आहे, नावु. समोरच्याला धरून असो की वगळून, नावुच. त्याला मराठीत आम्ही म्हणतात हे मी पहिल्या आठवड्यातच शिकले होते आणि तो शब्द मला फार आवडला होता. तो म्हणताना मी त्या घरातली होऊन जायची.

त्या वर्षी रस्त्याकडच्या तुकड्यावर घर बांधायचं ठरलं. जुन्या घराचे पत्रे गळत होते. एक दिवस शेजारच्या काकू ओट्यावर येऊन बसल्या. आत्या आत तूर पाखडत होत्या. काकूंनी विचारलं, “बांधकाम कवा काढताव मग?”

मी उत्साहानं सांगत सुटले. “आता लगेच. होय ना आत्या? पाडव्यापर्यंत आम्ही तिथं राहायला जाणार. आम्ही पुढं पडवी काढणार. आम्ही दोन म्हशी घेणार.”

काकू माझ्याकडं बघत राहिल्या. “आन् ह्ये जुनं घर?”

“हे राहील असंच,” मी म्हणाले. “शेळ्या बांधायला.”

आत सुपाचा आवाज थांबला होता. मी त्याकडं लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं म्हणून मी घागरी घेऊन गेले. परत आले तर आत्यांची गोधडी जागेवर नव्हती. चुलीजवळचा जुना तवा, एक परात, पिठाचा लहान डबा, काहीच नव्हतं. मागच्या अंगणात कडब्याचं छप्पर होतं, तिथं आत्यांनी तीन दगड मांडले होते आणि काटक्या पेटवत होत्या.

“आत्या, काय करताय?”

“माजं माजं करून खाते,” त्या धुराकडं बघत म्हणाल्या. “तुमाला तरास नको.”

मी घागर खाली ठेवायची विसरले. माझं काय चुकलं, ते विचारण्याइतकी मराठी मला येत होती, तरी मी विचारलं नाही. मी घरात जाऊन बसले. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. सून आली आणि वेगळी चूल मांडायला लावली. नळावर बायका गप्प व्हायला लागल्या. काकूंचं हसणंही बंद झालं. मी आत रांधायची, त्या छपराखाली रांधायच्या आणि दोन्हीकडचा धूर एकाच अंगणात मिसळायचा. एकदा मी भाजी नेऊन दिली. त्यांनी घेतली, वाटी धुऊन उंबऱ्यावर ठेवली.

नवरा आला तो हे बघून आधी आईकडं गेला. मला आतून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

“काय झालं, आई?”

“तुज्या बायकूला इचार.”

तो आत आला. मी रडत होते, तोही थकलेला होता. “काय बोललीस तू?”

“काहीच नाही. घराचं बोलले. आम्ही नव्या घरात जाणार, जुनं शेळ्यांना, एवढंच.”

“मंग आईनं कुठं ऱ्हायाचं? शेळ्यात?”

मला प्रश्नच कळला नाही. “असं काय विचारता? आमच्यात राहणार ना त्या! आम्ही जाणार म्हणजे त्या पण!”

तो हळूच म्हणाला, “परत म्हण. कोण कोण जाणार?”

“तुम्ही, मी, आत्या. आम्ही.”

तो खाली बसला. पायाजवळ ज्वारीचे दाणे सांडले होते. त्यातले त्यानं उचलून फरशीवर मांडले. “ह्यो मी. ही तू. ही आई. आईशी बोलताना तू आमी म्हणलीस, तर ही दोन.” त्यानं दोन दाणे बाजूला सरकवले. आईचा दाणा तसाच एकटा राहिला. “तिला धरून बोलायचं, तर आपुन म्हणायचं.” आणि त्यानं तिन्ही दाणे मुठीत घेतले.

“आपुन म्हणजे आप नाही?” मी विचारलं.

त्याला हसू आलं, पण माझा चेहरा बघून ते विरलं. माझ्या डोळ्यांसमोरून एकेक दुपार जात होती. चल, आपुन जेवू. नको, तुम्ही जेवा. चल, आपुन जाऊ. नको, तुम्ही जा. ती बाई रोज मला आपल्यात बोलवत होती आणि मी रोज नको म्हणत होते.

मी मागच्या अंगणात गेले. आत्या पीठ मळत होत्या. त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि माझ्या मोडक्या मराठीत सगळं सांगितलं. आमच्या भाषेत एकच शब्द आहे, नावु. त्यात सासूही असते, सगळेच असतात. दुसरा शब्द असतो हे मला माहीतच नव्हतं. आपुनचा अर्थ मला आज कळला.

आत्यांचे हात परातीत थांबले.

“एकच सबूद?” त्यांनी विचारलं.

“एकच.”

“मंग तुमच्यात सासूला बाहीर ठिवायचं आसल, तर काय म्हणतेत?”

“तसा शब्द नाही. नावं घेऊन सांगावं लागतं. तू आणि मी, असं.”

“त्वांडावर?”

“तोंडावर.”

आत्यांनी यावर विचार केला. “त्ये बी अवघडच की,” म्हणाल्या. मग मान वर न करता बोलल्या, “तुजा सासरा गेल्यापास्नं म्या एकटीच जेवायची. ह्यो पोरगा कारखान्याला. सून आली की जोडीला बसून खाईन, आसं वाटलं हुतं. तू म्हणायचीस, तुमी जेवा. मला वाटलं, हिला माजी किळस येती.”

मी परात माझ्याकडं ओढली आणि पीठ मळायला घेतलं. त्यांनी ओढू दिली.

चूल मात्र त्यांनी लगेच मोडली नाही. एकदा मांडलेली चूल चारचौघांदेखत उचलून आत न्यायची, हे त्यांना जमेना. त्या संध्याकाळी भाकऱ्या छपराखालीच झाल्या. आत्यांनी घराकडं तोंड करून हाक मारली, “या रं, आपुन हितंच खाऊ.” कडब्याच्या पेंढ्यांना टेकून आम्ही तिघं जेवलो. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून डोकावून बघितलं आणि गावातली बातमी उलटी फिरली. ती चूल पुढं अंघोळीचं पाणी तापवायला राहिली.

पुढं कुठंतरी वाचलं की फार जुन्या कन्नडातही असे दोन वेगळे शब्द होते, नंतर त्यातला भेद गळून गेला.

घर बांधून झाल्यावर आत्या म्हणाल्या, “तुजं म्हायार दाव की मला.” मी त्यांना घेऊन गेले. माझ्या अव्वाला, म्हणजे आईला, मराठी येत नाही, आत्यांना कन्नड येत नाही. दोघी ओसरीवर समोरासमोर बसल्या आणि मी मध्ये. मला धास्ती होती, पण काम सोपं निघालं. मराठी आणि कन्नड या दोघींची वाक्यं एकाच वाटेनं चालतात. आधी कोण, मग काय, क्रियापद शेवटी. अव्वा बोलत असतानाच मी शब्दामागं शब्द मराठीत ठेवत जायची आणि ती थांबली की माझंही वाक्य पुरं व्हायचं. माझा बंगळूरचा भाचा इंग्रजीत काही बोलतो आणि ते मला मराठीत सांगायचं असतं, तेव्हा मला त्याचं वाक्य संपेपर्यंत वाट बघावी लागते आणि मग ते शेपटाकडून उलगडावं लागतं. इथं तसलं काही नव्हतं. ‘मला भूक लागली’ हेसुद्धा दोन्हीकडं सारखंच. भूक माणसाला लागते, माणूस भुकेचा होत नाही.

मी चहा ठेवायला आत गेले. परत आले तर दोघी हुग्गीच्या खिरीसाठी खपली गहू किती भिजवायचा यावरून वाद घालत होत्या. आत्या मराठीत, अव्वा कन्नडात, आवाज चढलेले. मी कप ठेवले. माझ्याकडं कुणी बघितलंही नाही.

निघताना आत्या अव्वाच्या हाताला हात लावून म्हणाल्या, “येते बरं का.” मी ते कन्नडात सांगितलं. अव्वा म्हणाली, “होगि बर्री.”

“काय म्हणाल्या?”

“जाऊन या म्हणाली. आमच्यात नुसतं ‘जाते’ म्हणत नाहीत. निघणारी म्हणते, होगि बर्तीनि. जाऊन येते.”

आत्यांचा चेहरा उजळला. “आमच्यात बी जाते म्हणत न्हायती!” हे त्यांनी अव्वाला इतक्या मोठ्यानं सांगितलं, की जणू आवाज वाढवला की कन्नड होईल.

बस कर्नाटकची होती. वाटभर आत्या खिडकीशी बसून पुटपुटत राहिल्या. होगि बर्तीनि, होगि बर्तीनि. उमरग्याला बस थांबली, तिथं गाडी बदलायची होती. आत्या पिशवी सांभाळत दारापाशी गेल्या आणि कंडक्टरला म्हणाल्या, “होगि बर्तीनि री.”

तो दचकला, मग हसला. “हूं अव्वा, बर्री.” आणि पुढं भरभर कन्नडात सांगायला लागला, की माकणीची गाडी कुठं लागते, स्टँडवर किती गर्दी आहे, पिशवी नीट धरा. आत्या खाली उतरून उन्हात उभ्या राहिल्या आणि सगळं कळल्यासारखी मान डोलावत शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.