बंद कॉम्प्रेसर आणि लाल झालेला पंखा

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. पण डोकं पार पिकलंय, म्हणून इथे लिहितेय.

मी डोंबिवलीची, नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात. तिथल्या कॉम्प्रेसरचं मी कॉम्प्युटरवर मॉडेल केलंय. मशीन ठणठणीत असेल तर तापमान किती, थरथर किती, हे मॉडेल सांगतं. सेन्सरवरून खरे आकडे येतात. दोन्हींत फरक पडला की बिघडलेला भाग स्क्रीनवर लाल होतो. साधी वजाबाकी आहे हो! पण दोनदा त्याने खोटी बोंब मारली, मशीन उघडलं, काहीच निघालं नाही, आणि माझी सगळ्यांसमोर शोभा झाली.

खंडेनवमीला दुपारी मेन स्विच पाडून मशीनची पूजा झाली. सेन्सर बंद, आकडे बंद. बॅटरीवर माझा कॉम्प्युटर तेवढा चालू... आणि त्यावर मशीन थंड ठेवणारा 'पंखा' लाल. वजा करायला आकडाच नाही, तर फरक आला कुठून?

म्हात्रेकाका, आमचे जुने फिटर, रोज मशीन सुरू करून पंख्याच्या जाळीला कान लावतात. जाळी कसली, नावाला आहे. म्हटलं, "काका, पंखा उघडून बघूया ना."

"अगो पोरी, पाने-पक्कड पूजेला मांडलेत, आज हात लावाचा नाय. मशीन बंद हाय न तुजा कॉम्प्युटर बोंबलतंय!"

सगळे हसले. मला रागाने रडूच आलं. ते प्रसादाला गेल्यावर मशीन कुणाला सुरूच करता येऊ नये म्हणून मी स्टार्टरचे फ्यूज हाताने उपसले, पर्समध्ये टाकले आणि घरी गेले.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर काका भडकलेले. मी अडूनच बसले - आधी पंखा उघडा, मग फ्यूज देते. बडबडत त्यांनी जाळी काढली. एका पात्याला मुळाशी तडा होता, पातं बोटाने हलत होतं.

काका खालीच बसले. "मी तं कान लावला असता गो..."

साहेबांचं वेगळंच. "आकडे नसताना अलार्म येतो म्हणजे मॉडेलमध्ये चूक आहे. ती काढा."

बरोबर आहे त्यांचं! पण आकडे नसतील तर तुलना करायची नाही, ही ओळ मी पहिल्याच दिवशी लिहिलेली, ती तिथेच आहे. जुना आकडा अडकला म्हणावं, तर स्विच पाडेपर्यंतच्या नोंदीत पंखा उत्तम. महिनाभर डोकं फोडलं.

शेवटी साहेबांना सांगितलं, चूक दुरुस्त केली. काहीही केलेलं नाही. मला ती सापडलीच नाही... आणि खरं सांगू? सापडली असती तरी काढली नसती.