डाग दाखवणारा कॅमेरा

बळवंत चुरींच्या नाकाच्या शेंड्यावर एक मस आहे. साठ वर्षं तो तिथेच आहे. माहीम गावात त्यांच्या घराचा पत्ता सांगताना लोक आधी देऊळ सांगतात, मग मस. एका सकाळी तो फोनमधून नाहीसा झाला.

बळवंतकाकांची पालघरजवळच्या या माहीममध्ये खाऊच्या पानांची वाडी आहे. पानं करंडीत भरून रेल्वेने उत्तरेकडे मिश्राजींकडे जातात. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. पंचवीस वर्षं काका फोनवर सांगत आले, आज पान जून आहे, आज जरा डागी आहे. मिश्राजी ठीक म्हणत आले. मग मिश्राजींच्या मुलाने धंदा हाती घेतला. त्याला सांगणं नको होतं. फोटो हवा होता.

सून मेघालीने तिच्या फोनवर फोटो काढून पाठवले. पानं इतकी हिरवी आली की काकांनीच विचारलं, ही कोणाची. तिसऱ्या करंडीनंतर मिश्राजींच्या मुलाचा फोन आला. फोटोतलं पान सोळा वर्षांचं दिसतं, करंडीतलं साठ वर्षांचं निघतं, असं तो म्हणाला. सोमवारची करंडी आणि तिचा फोटो तो शेजारी ठेवून बघणार होता. पुन्हा फरक दिसला तर त्याला दुसऱ्या वाड्या होत्या.

काका त्या दुपारी जेवले नाहीत. गिऱ्हाईक जाण्याचं त्यांना एवढं वाटत नव्हतं, दुसरे व्यापारी होते. शेजारच्या केदारला ते एवढंच म्हणाले, "पंचवीस वर्षांत डाग लपवून पान दिलं नाय रे मी कोणाला."

फोन असं करतो तरी कसा हे बघायला मेघालीने तो सासऱ्यांवर धरला. फोटोत नाक होतं, मस नव्हता. तिने सगळी बटणं दाबून पाहिली. मस अर्धा परत आला, त्यापुढे येईना. काका म्हणाले, हा फोन लग्न जमवणाऱ्याच्या कामाचा आहे.

कॅमेरा घ्यायचा ठरला. पाच हजारांच्या वर जायचं नाही आणि सोबत केदार हवा, कारण त्याने पुस्तकं वाचली होती. केदार मराठी घेऊन बीए झाला होता आणि बोईसरच्या एका कारखान्यात हजेरीचं काम बघत होता. कॅमेऱ्यातलं त्याला काही कळत नव्हतं. त्याने शनिवारभर मोबाईलवर वाचून एक कागद भरला. मेगापिक्सेल, झूम, बॅटरी. काकांनी कागद शांतपणे वाचला आणि विचारलं, यात डागाचं कुठे लिहिलंय.

रविवारी दोघं निघाले. काकांनी ओल्या फडक्यात तीन पानं घेतली. एक कोवळं, एक जून, एक डागी. ती कशाला हे केदारने रिक्षात विचारलं. चप्पल घ्यायला जाताना पाय घरी ठेवतात का, असं काकांनी त्याला विचारलं.

पालघरच्या दुकानात फक्त लग्नाचे कॅमेरे होते. एकाची भिंग लावलेली नळी केदारच्या हाताएवढी. किंमत ऐकून काका म्हणाले, एवढ्यात आमचं लग्न दोनदा झालं असतं. दुकानदाराने समजावलं, छोटे कॅमेरे आता कोणी घेत नाही, फोन आहे ना. काकांनी फोनचं नाव निघताच फडकं उचललं.

मग एसटीने बोईसर. तिथे चिरागच्या दुकानात काचेच्या कपाटात जुने, वापरलेले छोटे कॅमेरे ओळीने मांडले होते. समोर कॉलेजच्या दोन मुली होत्या. फोटो जरा जुनाट यावा म्हणून त्यांना असा जुना कॅमेरा हवा होता. काकांना याचं नवल वाटलं. केदारला काकांचं वाटत होतं.

कारण काकांनी काउंटरवर फडकं उलगडलं, तीन पानं ओळीत लावली आणि एकेका कॅमेऱ्याने फोटो काढायला लावला. फोटो निघाला की ते पान पडद्याशेजारी धरत. पहिल्या कॅमेऱ्यात पानं निळसर आली. नापास. चिरागने झूमचं कौतुक सुरू केलं. काका म्हणाले, पान जवळच असतं. दुसऱ्या कॅमेऱ्याचा फोटो दाराजवळच्या उजेडात काढला. काका चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, तिसरा दाखवा.

तिसरा कॅमेरा आला तेव्हा काउंटरवर दोनच पानं होती.

चिराग चघळत होता. समोर पान, खिशात चुन्याची डबी, हात आपोआप चालला होता. मुली हसू दाबत होत्या. केदारला आता काय होणार ते कळेना. काकांनी शांतपणे विचारलं, "कसं होतं?"

"एक नंबर, काका. तिखट."

"डाग?"

कसला डाग, चिरागने विचारलं. काकांनी दुसरा कॅमेरा त्याच्यासमोर धरला. पानाच्या कडेला तांदळाएवढा तपकिरी डाग स्पष्ट दिसत होता.

"हा. आता तुमच्या पोटात हाय." मग केदारकडे वळून ते म्हणाले, "हाच घेऊया. पान गेलं तरी डाग राहिला."

चिरागने साडेचार हजारांचे चार केले. पान खाल्ल्याबद्दल, असं तो म्हणाला. वर कॅमेऱ्याला चामड्याचं पाकीट दिलं.

सोमवारी पहाटे वाडीच्या दारात सगळ्यांनी चपला काढल्या. पानवेलीत पायताण नेत नाहीत. केदार पुढे सरकला तशी काकांनी त्याला अडवलं. चामडं आत नको. "त्याचीपण चप्पल काढ." पाकीट चपलांशेजारी ठेवून कॅमेरा अनवाणी आत गेला.

खुडून झाल्यावर काकांनी करंडी भरली आणि एक डागी पान मुद्दाम सगळ्यात वर, मधोमध ठेवलं. केदारने फोटो काढला, कार्डावरून मेघालीच्या फोनवर घेतला आणि पाठवला. फोटो जाईपर्यंत काका फोनवर नजर ठेवून होते, वाटेत त्याने काही करू नये म्हणून.

गुरुवारी फोन आला. मुलाने फोटो आणि करंडी शेजारी ठेवली होती. मधलं डागी पानसुद्धा जागच्या जागी होतं. डागी पान वर कोण ठेवतं, त्याने विचारलं. खाली ठेवायचं तर फोटो कशाला, काका म्हणाले. मग तो म्हणाला, चाचा, यापुढे फोटो राहू द्या, तुम्ही सांगाल ते चालेल.

काका खूश व्हायला हवे होते. ते वैतागले. चार हजारांचा कॅमेरा घेऊन चारच दिवस झाले होते.

आता तिकडून कोणी मागत नसताना रोज फोटो जातो. पहिल्या दिवशी केदारने करंडीसोबत काकांनाही उभं केलं. संध्याकाळी खुद्द म्हाताऱ्या मिश्राजींचा फोन आला. पंचवीस वर्षांनी त्यांनी चेहरा पाहिला होता. पानं छान आहेत म्हणाले, आणि जरा अडखळत विचारलं, नाकावर ते काय आहे.

काकांनी मसावर बोट ठेवून पाहिलं.

"बरोबर आलाय फोटो," ते म्हणाले.