बिल्बाओच्या बाईचं मधलं नाव

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर बिल्बाओ नावाचं बंदर आहे. मी ते पाहिलेलं नाही आणि आता पाहणारही नाही, गुडघे गेले. पण मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत त्या गावची एक बाई सात-आठ वर्षं माझ्यासमोर उभी होती. मुंबई सोडली तर दुसऱ्या कुठल्याही शहराची मला एवढी माहिती नाही. मी चौथी शिकले. उरलेला भूगोल तिनेच शिकवला.

काम असं होतं. चादरी धुऊन ओल्या यायच्या. समोर इस्त्रीचा, गरम वाफेचा मोठा रूळ. एक टोक तिने धरायचं, एक मी. झटकायची, ताणायची आणि दोघींनी एकाच वेळी रुळाला द्यायची. एकीचा हात मागे राहिला की चादर तिरकी जाते, मग पुन्हा ओली करा. दिवसभर एकमेकींच्या तोंडाकडे बघत हे करायचं. बोललं नाही तर वेड लागेल.

आमची जोडी जमली ती शनिवारमुळे. आम्ही बेने इस्राएल, अलिबागकडचे मराठी बोलणारे ज्यू. चौसष्ट साली इकडे आलो. हे इथल्या जहाजांच्या कालव्यावरच्या गोदीत क्रेन फिटर म्हणून लागले, मी लाँड्रीत. शनिवार आमचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस, तेव्हा मी काम करत नाही. सुपरवायझर म्हणाली, "मग तुझा शनिवार करणारी तूच शोध." कोणी तयार होईना. त्या वेळी ही बाई पुढे आली.

"तुझा शनिवार मी करते, लव्ह. माझा रविवार तू कर. मला चर्चला जायचं असतं."

इंग्रजी अस्सल मँचेस्टरचं. महिनाभर मी तिला इथलीच समजत होते. मग एक दिवस रुळाला हात भाजला आणि तिने जी शिवी हासडली ती इंग्रजी नव्हती. "कुठली गं तू?" मी विचारलं. तिथून बिल्बाओ सुरू झालं.

डोंगरात लोखंड, खाली नदी, नदी समुद्राला मिळते तिथपर्यंत बोटी. या देशाच्या बोटी लोखंड भरून न्यायच्या आणि येताना कोळसा आणायच्या. त्यावर कारखाने निघाले, पैसेवाले गबर झाले, आणि खाणीत उतरायला लांबलांबच्या कोरड्या गावांतून माणसं आली. तिचा बाप त्यातलाच. तिथल्या मूळच्या लोकांची भाषा वेगळी. हिच्या घरी ती कोणाला येत नव्हती. मूळचे लोक यांना बाहेरचे म्हणायचे.

"मूळचे असे किती होते?" मी विचारलं.

"आमच्या इमारतीच्या जिन्यात एकही नव्हता."

"म्हणजे मुंबईच की," मी म्हटलं. माझी ही बिल्बाओची बाई हसली. त्यांना बाहेरचे म्हणायचे याचं मला नवल वाटलं नाही. इथल्या ज्यूंना आम्ही पुरते ज्यू वाटत नव्हतो आणि हॉस्पिटलातल्या मराठी डॉक्टरांच्या बायकांना आम्ही पुरते मराठी वाटत नव्हतो. बाहेरचं असण्यात काही मरण नाही.

मरण विमानांनी आलं. त्या देशात आपसांत युद्ध झालं, बाप त्यात गेला. गावाला वेढा पडला, खायला मिळेना, वरून बॉम्ब. तेव्हा तिथल्या आयांनी पोरं बोटीत घालून इकडे पाठवली. ही तेव्हा नऊ वर्षांची. आई म्हणाली, तीन महिन्यांनी परत आणीन. धाकटा भाऊ चार वर्षांचा. बोटीवर पाच वर्षांखालचं पोर घेत नव्हते, म्हणून तो आईपाशी राहिला. महिनाभरात गाव पडलं, पुढल्या वर्षी आई गेल्याची चिठ्ठी आली. भावाचं त्यात काही नव्हतं. बाकीच्या पोरांना घरून बोलावणं आलं तशी ती परत गेली. हिला बोलावणारं कोणी नव्हतं, म्हणून ही राहिली. पुढे इथल्याच बस-ड्रायव्हरशी लग्न केलं.

भावाचं ती फारसं बोलायची नाही. पण तिला हवं होतं ते तेवढंच, हे मला कळत होतं.

चंद्रावर माणूस उतरला त्याच वर्षाच्या हिवाळ्यात एका सकाळी चादर तीनदा तिरकी गेली.

"हात कुठे आहे तुझा?" मी ओरडले.

"पत्र आलंय," ती म्हणाली.

चहाच्या सुट्टीत तिने ते दाखवलं. बिल्बाओच्या नगरपालिकेत गावातल्या सगळ्या माणसांची वही असते, कोण कुठल्या घरात राहतो, कुठून आला, सगळं. त्या वहीत असा माणूस नाही, असं उत्तर होतं. नवऱ्याकडून लिहवून घेऊन तिने तीन वेळा विचारलं होतं. तिन्ही वेळा हेच.

"बस झालं आता," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात चर्चमध्ये त्याच्या नावाने मेलेल्या माणसाची प्रार्थना ठेवते. फादरशी बोललेय."

"मेला असं कोणी सांगितलं?"

"सापडत नाही म्हणजे मेलाच."

"सापडत नाही म्हणजे सापडत नाही. माझी नणंद दादरला भाजी आणायला गेली तरी संध्याकाळपर्यंत सापडत नाही. तिच्या नावाने प्रार्थना ठेवतो का आम्ही?"

ती हसली नाही. तिने पावाची गाठ सोडली. पाव ती नेहमी एका जुन्या कापडात बांधून आणायची. त्या दिवशी कापडाची आतली बाजू वर आली होती. कोपऱ्यात लाल दोऱ्याने तीन अक्षरं शिवलेली.

मला इंग्रजी पुस्तक वाचता येत नाही, पण कापडावरच्या खुणा येतात. कुठली चादर कुठल्या वॉर्डाची, हे आम्ही अक्षरांवरूनच लावायचो. त्यात मी कधी चुकले नाही.

"ही तीन अक्षरं कोणाची?"

"माझी. बोटीवर पाठवताना आईने सगळ्या कपड्यांवर शिवली होती. हरवू नयेत म्हणून."

"आणि भावाची?"

"पहिलं वेगळं. पुढची दोन तीच."

"मग या पत्रात त्याच्या नावाचे दोनच शब्द कसे?"

"मधलं कोण लिहितं? इथं मधलं नाव कोणी विचारत नाही." बोटीतून उतरल्यावर रांगेत उभं केलं, तिथल्या साहेबाने तिचं पहिलं आणि शेवटचं लिहून घेतलं आणि मधलं सोडून दिलं. शाळेत तेच, लग्नाच्या कागदावर तेच.

मी म्हटलं, "आमच्यात मधलं नाव म्हणजे बाप. लग्न झालं की नवरा. शेवटी गाव. माझं मधलं काढून टाकलं तर आमच्या गावात कोणाला कळायचं नाही मी कोणाची कोण. तू बापाला कापून टाकलंस आणि वर भाऊ शोधतेस?"

"आमच्यात तसं नसतं."

"मग कसं असतं?"

तिला माहीत नव्हतं. नऊ वर्षांच्या पोरीला हे कोण समजावून सांगतो? आणि नंतर सांगायला कोणी राहिलं नाही.

"बापाचं नाव काय होतं?" मी विचारलं.

तिने सांगितलं. ते मधल्या अक्षराशी जुळत नव्हतं.

"बघ," ती म्हणाली. "तुझं चुकलं. आली मोठी शहाणी."

चुकलं तर चुकलं. पण मी एकदा धरलं की सोडत नाही. "खाणीतली माणसं तुझ्या बापाला बोलवायला यायची, तेव्हा खालून काय हाक मारायची?"

तेवढ्यात सुट्टी संपल्याची घंटा झाली. सुपरवायझर म्हणाली, "बायांनो, राणी चहाला येणार आहे का? उठा." आम्ही उठलो. रुळापाशी गेल्यावर चादरीचं टोक हातात धरून ती एकदम थांबली.

"मधलं," ती म्हणाली. "खालून मधल्या नावाने हाक मारायचे. जिन्यातून वरपर्यंत ऐकू यायचं."

ती चादरही तिरकी गेली. मी ती पुन्हा ओली करायला टाकली.

त्या रात्री जेवताना मी यांना सांगितलं. "अहो, तुमच्या गोदीत बिल्बाओची बोट येते का?"

"येते कधीतरी. तुला काय करायचंय?"

"निरोप द्यायचाय."

"पोस्ट नावाची एक सोय आहे जगात."

"पोस्टाने तीनदा विचारून झालं. आमच्या गावी बाबा निरोप गलबतावर द्यायचे. हातोहात पोचतो."

हे कुरकुरले, पण पंधरा दिवसांनी बोट आल्याचं यांनीच सांगितलं. काम सुटल्यावर आम्ही दोघी गोदीच्या फाटकाशी गेलो. यांनी बोटीवरचा आचारी बाहेर बोलावून आणला. साठीचा, पोट सुटलेला, अंगाला लसणाचा वास. माझ्या बाईला तिची भाषा आठवेना. नऊ वर्षांच्या पोरीएवढीच येत होती, तीही अडखळत. त्याने कापडावरची अक्षरं पाहिली, तिन्ही शब्द विचारले आणि कपाळावर हात मारला. मग हातवारे करत बरंच बोलला. माझ्या बाईचं तोंड पांढरं पडलं.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, आमच्यात प्रत्येकाला दोन आडनावं. आधी बापाचं, मग आईचं. वहीत माणूस बापाच्या आडनावाने लावतात. शेवटचं म्हणजे माझ्या आईचं माहेरचं. इतकी वर्षं मी आईच्या आडनावाने त्याला शोधतेय. त्या नावाचा माणूस कधी नव्हताच."

म्हणजे मी म्हटलं तसं नव्हतं. मधलं बापाचं नाव नव्हे, बापाचं आडनाव. पण बाप मधेच होता.

आचाऱ्याने तिथेच एका पेटीवर बसून पत्र लिहिलं. गाव आता ओळखू येणार नाही, म्हणाला. देशभरातून माणसं कारखान्यात येतायत, घरं पुरत नाहीत, लोकांनी डोंगरावर रातोरात खोपटी उभारलीत. वही चांगलीच जाड झाली असेल. पण तो स्वतः नगरपालिकेत जाऊन उभा राहील, टपालात टाकणार नाही. पत्र त्याने शर्टाच्या आत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, "प्रार्थनेचं काय?"

"फादरला सांगितलं, थांबा."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मेलेल्यांना घाई नसते."

नवस बोलावा असं मला वाटलं नाही. पत्र पोचवणं आचाऱ्याचं काम, देवाचं नाही. पण दर शुक्रवारी दिवा लावताना तिच्या भावाची आठवण यायची, हे खरं.

दोन महिने गेले. तिची चादर सरळ जायची. मग एक दिवस ती कामावर आली ती कोट न काढताच माझ्याकडे आली. हातात पाकीट. पत्र नगरपालिकेचं नव्हतं, भावाचं होतं. बापाच्या भावाने त्याला खाणीजवळच्या घरी वाढवलं होतं. आता नदीकाठच्या बोटी बांधायच्या कारखान्यात वेल्डर होता, लग्न झालेलं, तीन पोरं. मोठी मुलगी, तिला हिचंच नाव दिलेलं.

पुढचं न वाचताच ती घडी घालायला लागली. मी म्हटलं, "वाच की."

त्यानेही तिला शोधलं होतं. दोनदा या देशाला पत्र लिहिलं, बापाच्या आडनावाची पोरगी कुठे आहे म्हणून. दोन्ही वेळा उत्तर गेलं, अशी कोणी नाही.

सुपरवायझरला आम्ही काही सांगितलं नाही, पण तिने त्या दिवशी रूळ अर्धा तास दुसऱ्या जोडीला दिला. बाई वाईट नव्हती.

उन्हाळ्यात माझी बाई निघाली. निघण्याच्या आधी तिचा पाय अडला. "त्याला माझं बोलणं कळलं नाही तर? मी त्याला आवडले नाही तर?"

"नाही आवडलीस तर परत ये. भाऊ आहे तो, नवरा बघायला नाही चाललीस."

तीन आठवडे तिच्या जागी एक नवी पोरगी होती. तिच्याबरोबर निम्म्या चादरी पुन्हा ओल्या केल्या.

ती परतली ती जरा जाड होऊन आणि रागावून.

"काय झालं?" मी विचारलं.

"भांडलो. तिसऱ्याच दिवशी."

"कशावरून?"

"आमचं घर कितव्या मजल्यावर होतं यावरून. मी म्हणते चौथ्या, तो म्हणतो तिसऱ्या. चार वर्षांचं शेंबडं पोर होतं ते, त्याला काय आठवणार? पण ऐकेल तर शपथ. इमारत बघायला गेलो तर ती पाडून नवी बांधलेली. मग तो म्हणाला, चल नगरपालिकेत."

दोघं गेले. युद्धाच्या आधीची वही तिथल्या माणसाने तळघरातून काढून आणली. त्यात त्यांचं घर निघालं. दुसरा मजला, डावीकडे. एका पानावर चौघं, एकाखाली एक. बाप आणि आई, यांच्यापुढे लांबच्या गावाचं नाव. ही आणि भाऊ, त्यांच्यापुढे बिल्बाओ.

"म्हणजे तू तिथलीच," मी म्हटलं.

"कागदावर तरी."

"मग भांडण मिटलं ना?"

"कुठलं मिटतं? तो म्हणतो, वही चुकलीय, तिसराच मजला. पुढच्या उन्हाळ्यात जिन्यातली एक म्हातारी शोधून काढणार आहे, तिला विचारणार. मी म्हटलं, विचार, मी येतेच."

तिने कोट काढून खुंटीला लावला, बाह्या वर केल्या आणि चादरीचं टोक उचललं. मी माझं उचललं.