विभूतीचा साहेब

विभूतीचा वास आला की मला देव नाही, साहेब आठवतो. जळकोटच्या शाळेत गॅदरिंगला नाटक होतं, आदिवासींनी इंग्रजांविरुद्ध केलेल्या बंडाचं. गोऱ्या साहेबाचं काम माझ्याकडं होतं. पावडर कुठली आणायची, म्हणून बाईंनी मला घरची विभूती आणायला लावली आणि तोंडभर फासली. मला खरं तर बंडाची पुढारी व्हायचं होतं. पण ते काम किनवटाकडून मजुरीला आलेल्या गोंडाच्या पोरीला मिळालं, आवाज खणखणीत म्हणून. ‘हिला रंगवायचीबी गरज न्हाई,’ म्हणून बाई हसल्या. तालमीत मी सुतळीचा चाबूक नुसता हवेत फिरवायची. नाटकाच्या दिवशी मात्र निरगुडीचा ओला फोक तोडून आणला. ‘बोल, जंगल कुणाचं?’ ‘आमचं,’ ती म्हणाली. मी मारलं. लोकांनी टाळ्या दिल्या, म्हणून आणखी मारलं. दर वेळी ती ‘आमचं’च म्हणत राहिली, शेवटी तिचा आवाजच फुटेना. दुसऱ्या दिवशी तिची आई आमच्या दुकानात हळद घ्यायला आली. ती रानात कामाला होती, नाटक तिनं बघितलंच नव्हतं. ‘पोरगी बोरीच्या काट्यात पडली म्हनती. पाठ लई सोलली. तू व्हतीस का गं माय संगं?’ मी म्हणलं, ‘हाव मावशी, माझ्यासमोरच पडली.’ तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. ‘तू हायीस म्हणून बरं हाय. सांभाळ तिला.’ आता नातवंडं म्हणतात, आजी लई मायाळू. मी ऐकून घेते.