खंडेनवमीची भट्टी

गोकुळदास सुर्ल्याचे. वीस वर्षं खाणीवर यंत्र चालवलं, खाण बंद पडली, मग डिचोलीच्या आमच्या कारखान्यात भट्टी सांभाळायला आले. सहा वर्षं हंगामीच! या खेपेचा माल पास झाला की कायम करतो, असं मालक प्रशांतसर म्हणाले होते. माणूस इतका दमलेला, की स्टुलावर टेकतानाही "देवा रे" म्हणायचा.

आम्ही लँथॅनमच्या सल्फाइडच्या चकत्या भाजतो. पिवळट, बांगडीएवढ्या. उष्णतेचे किरण त्यांतून आरपार जातात, म्हणून काळोखात माणूस टिपणाऱ्या कॅमेऱ्याला त्या काचेसारख्या बसवतात. सेरियमच्या सल्फाइडची मूस केली, तर बहुतेक वितळलेले धातू तिला खात नाहीत म्हणे. गुण पुष्कळ, पण नखरे किती! तापलेल्या चकतीला हवा लागली की बाद. म्हणून भट्टी निवेपर्यंत आत आर्गॉन वायू सोडून ठेवायचा. "गो रेश्मा, माणूस मेलो तरी चलात, आर्गॉन बंद होता नये," हे गोकुळदासांनी आपल्या हाताखाली शिकणाऱ्या मला शंभरदा ऐकवलेलं.

खंडेनवमीच्या सकाळी मी आधी पोचले. भट्टी अजून निवत होती. झाडलं, पुसलं, सगळ्याला हळदकुंकू लावलं. आमच्या घरी त्या दिवशी कोयत्याला हात लावत नाहीत, आईची शिलाई मशीनही बंद. तीच सवय! आर्गॉनच्या सिलिंडरला फूल वाहिलं आणि "तुलाही आज सुटी" म्हणत मीच चावी फिरवली. अक्कल कुठे शेण खायला गेली होती?

तासाभराने गोकुळदास नारळ घेऊन आले. काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, चावी उघडली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दसऱ्यानंतर भट्टी उघडली. सगळ्या चकत्या पांढुरक्या. प्रशांतसर कडाडले, "कुणाचा हा पराक्रम?"

गोकुळदास म्हणाले, "माझोच हात लागलो."

त्यांना त्याच दिवशी घरी पाठवलं. जाताना जाड हातमोजे माझ्या हातात दिले. "तुका अजून पंचवीस वर्सां राबूचा आसा, बाय. मी आता दमलंय."

त्यांच्या जागी मला कायम केलं. त्याच स्टुलावर बसते, बसताना "देवा रे" म्हणते. लाज वाटते, रोज वाटते. पण सरांना अजून सांगितलेलं नाही.

यंदा खंडेनवमीला त्यांच्या पाया पडायचं आणि सरांना सगळं सांगते म्हणायचं, असं ठरवून सुर्ल्याला निघाले. बस बदलायला साखळीला उतरले, आणि डिचोलीच्या गाडीत परत बसले.